एकात एक बसणारे कप: बॉक्सवरचं वय मनावर घेऊ नका

बॉक्सवर लिहिलंय ६ महिने ते ३ वर्षं, आणि खाली मोठ्या अक्षरात "बुद्ध्यांक वाढवा". कप रचून बुद्ध्यांक बिद्ध्यांक काही वाढत नाही, पण ३ वर्षांची मर्यादाही खोटीच, कारण आमच्याकडे धाकटीपासून आठवीतल्या दादापर्यंत सगळे यावर रमतात.

धाकटी लहान होती तेव्हा बॉल कपाखाली झाकला की तिच्यापुरता विषय संपायचा. आठ-नऊ महिन्यांची झाली आणि कप उलटवायला लागली. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेनं हेच वय सांगितलंय (नंतर १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ रेने बेयारजाँ यांनी दाखवलं की साडेचार महिन्यांच्या बाळांनाही लपलेली वस्तू आहे हे कळत असावं, फक्त हात तिथवर पोचत नाही). गंमत पुढे आहे, डाव्या कपाखाली बॉल दोनतीनदा सापडला की मग तिच्या डोळ्यांदेखत उजव्याखाली ठेवला तरी हात डावीकडेच जायचा!! प्लीज हे स्वतः करून बघा, वर्षाच्या आसपास हे जातं मग परत दिसत नाही.

मधला पाच वर्षांचा. छोटा कप काठोकाठ भरून मोठ्यात ओतला तर म्हणतो पाणी कमी झालं. समजावून उपयोग नाही, तो फक्त पातळी बघतो. साधारण सातच्या पुढची मुलं म्हणतात, परत ओता ना, तेवढंच भरेल. आणि दादाला नुसतं तोंडी विचारलं की कपाची उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर किती मावेल, कपाला हात न लावता म्हणाला आठपट. नसलेल्या कपाबद्दल डोक्यात हिशोब करणं हे साधारण ११-१२ नंतरच जमायला लागतं. तरी एवढा तर्क करणारा मुलगा घाईत काहीतरी चुकीचं ठरवतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका, मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो.

तक्रार एकच, आमच्या सेटच्या तळाला भोकं आहेत, पाण्याच्या खेळात टेप लावावी लागते आणि ती सुटते. बिनभोकाचे बघून घ्या, आणि जमलं तर दोन सेट घ्या, म्हणजे सारख्या दोन कपांत पाणी भरून "दोन्हीत सारखं आहे ना?" हे आधी मुलाकडून वदवून घेता येतं आणि मगच एकातलं मोठ्यात ओतायचं.