बाबांची जनता आणि जांभळी नाक्याचे घड्याळवाले काका

बाबांची एचएमटी जनता, म्हणजे त्यांचं जुनं चावीचं मनगटी घड्याळ, दोन वर्षं कपाटात बंद पडून होती, ती गेल्या आठवड्यात चालू होऊन घरी आली. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आतल्या गल्लीत एक छोटंसं घड्याळाचं दुकान आहे तिथे दिलेली. नाव टाकत नाही, काकांनीच सांगितलंय की एकटा माणूस आहे, गर्दी झाली तर झेपणार नाही.

खरं तर मी गेलो होतो डायल नवीन करून घ्यायला. बाबा वागळे इस्टेटला कंपनीत होते, एका पावसाळ्यात घड्याळात पाणी शिरलं त्याचा पिवळट डाग सहाच्या आकड्यापाशी आहे, आणि पांढरी डायल आता सायीच्या रंगाची झालीय. काकांनी भिंग लावून बघितलं आणि सरळ नाही म्हणाले. डायल रंगवायची म्हणजे आधी जुनं सगळं घासून काढायचं, कंपनीची छपाई एकदा गेली की गेली, आणि वर जे येतं त्याची अक्षरं जाड येतात. रंगाचे पोपडे सुटून मशीनमध्ये पडत असते तर करावंच लागलं असतं, पण नुसत्या डागाने घड्याळाचं काही बिघडत नाही म्हणाले.

मला लगेच पटलं कारण मामाचं घड्याळ डोळ्यासमोर आलं. त्याचीही जनताच, मागच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली तर न विचारता डायल गडद निळी रंगवून हातात दिली, 'जनता'वरची रेघ मधेच तुटलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. मामा काही बोलला नाही, घरी येऊन ड्रॉवरमध्ये ठेवून दिली ती आजपर्यंत तिथेच आहे. फार वाईट वाटतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बेंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, म्हणजे आता कारखान्यातून नवीन डायल येणं शक्यच नाही, जी आहे तीच सांभाळायची.

काकांनी केलं ते असं की मशीन पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं, स्प्रिंग बदलली. काच अ‍ॅक्रिलिकची असते त्यामुळे नुसती पॉलिश करून चरे गेले. केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, मात्र बफ मारू दिला नाही त्यांनी, पितळेवर क्रोमचा मुलामा आहे, घासला तर खालचं पिवळं दिसायला लागतं. पट्ट्याजवळ पान्याचा मार लागलेला खळगा आहे तो तसाच आहे आणि मला तो तसाच हवाय. आधी दिवसाला वीस मिनिटं मागे पडायची, आता वेळ तपासायच्या मशीनवर लावून दाखवली तर दिवसाला १८ सेकंद पुढे, चावीच्या घड्याळाला हे उत्तम आहे.

सगळे मिळून ११०० रुपये झाले. जुनी स्प्रिंग कागदाच्या पुडीत बांधून परत दिली, हे मला फार आवडलं. तक्रार एवढीच की आठ दिवस सांगून सोळा लागले आणि मधे फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊनच विचारावं लागतं. यूपीआय चालतं, सोमवारी बंद.

झाकण लावायच्या आधी त्यांनी मला आतली बाजू दाखवली. कोणा जुन्या कारागिराने सुईने कोरलेलं १२-८७, सर्व्हिसिंगचा महिना आणि साल, बाबांना आठवतही नव्हतं कुठे केलेलं ते. त्याच्याखाली काकांनी आपली तारीख तितक्याच बारीक अक्षरात कोरलीय. बाबा आता रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतात.

काल मामाचं घड्याळ घेऊन परत गेलो. ती छपाई काही परत येणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण एखाद्या बंद पडलेल्या जनतेची ओरिजिनल डायल हाती लागली तर बसवून देतो म्हणाले, डागाची असली तरी चालेल ना एवढं विचारलं. मी चालेल म्हटलं आणि घड्याळ त्यांच्याकडेच ठेवून आलोय.