भोसरीतील सीएनसी वर्ग : पदवीनंतरचे तीन महिने

यंत्र अभियांत्रिकीची पदवी हाती असूनही मुलाखतीत सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रात जी०० या आज्ञेने टूल नुसते वेगाने सरकते आणि जी०१ने ठरलेल्या फीडवर, म्हणजे कापताना पुढे सरकण्याच्या वेगावर, कापते, एवढे सांगता आले नाही, म्हणून भोसरी एमआयडीसीतील एका खासगी वर्गात मी तीन महिन्यांचा सीएनसी अभ्यासक्रम केला. साचे व हत्यारे बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम केलेल्या तेथील सरांनी, ०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्नियरवर बरोबर वाटणारा जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, त्याहून बारीक मोजणाऱ्या मायक्रोमीटरवर कसा नापास होतो, हे लेथपाशी उभे करून दाखवले. चार वर्षांत हे कोणी दाखवले नव्हते. मात्र एका यंत्रामागे बारा जण असल्याने हात लावायला आठवड्यात जेमतेम तासभर मिळे, आणि जाहिरातीतली ‘हमखास नोकरी’ म्हणजे कंत्राटी प्रशिक्षणार्थीपदाच्या दोन मुलाखती निघाल्या. डिझाइनकडे वळणाऱ्यांनी येथे पैसे घालू नयेत. शॉप फ्लोअरवरच, म्हणजे कारखान्यात यंत्रांवरच, जायचे असेल, तर सकाळची तुकडी मागून घ्यावी.