बारोलोच्या नावाखाली भलतीच वाइन : इंदूरमधील एका जेवणाचा अनुभव

गेल्या डिसेंबरमध्ये माझा भाचा आणि भाचेसून इटलीहून इंदूरला आमच्याकडे आले होते. भाच्याने दोन वर्षे तूरिनमध्ये शिक्षण घेतले आहे. त्यामुळे लोकमान्यनगरातल्या घरी पुरणपोळीचा बेत झाला, तरी एक संध्याकाळ त्याच्या आवडीच्या जेवणासाठी राखून ठेवायची, असे माझ्या पत्नीने आधीच ठरवले होते. विजयनगर भागातल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये चार पदार्थांच्या जेवणाबरोबर चार निरनिराळ्या वाइन ग्लासने मिळत होत्या. जेवणाचे पैसे वेगळे आणि वाइनचे माणशी ४,८०० रुपये. प्रत्येक ग्लास १५० मिलिलिटरचा असेल, असे मेन्यूवर स्पष्ट छापले होते.

बुराटा चीज आणि टोमॅटोबरोबर प्रोसेको ही बुडबुड्यांची पांढरी वाइन, लिंबाच्या रिसोटोबरोबर (हा इटालियन भाताचा प्रकार) ‘गावी’ नावाची पांढरी वाइन, मशरूमच्या पास्त्याबरोबर बारोलो ही तांबडी वाइन आणि शेवटी तिरामिसू या गोड पदार्थाबरोबर मोस्कातो दास्ती ही गोड वाइन, अशी ती जुळणी होती. प्रोसेकोचे बुडबुडे आणि आंबटपणा यांमुळे सायीसारखे बुराटा तोंडात जड होत नाही, आणि नेब्बिओलो द्राक्षांपासून होणाऱ्या बारोलोचा तुरटपणा मशरूमच्या मातकट चवीला छान पेलतो. जुळणी ठरवणाऱ्याला विषयाची उत्तम जाण होती हे मी आजही मान्य करतो आणि म्हणूनच मला अधिक वाईट वाटते. मेन्यूवर एकाही वाइनच्या उत्पादकाचे नाव किंवा द्राक्षांच्या हंगामाचे वर्ष नव्हते. तिथेच मी थांबून विचारायला हवे होते.

प्रोसेको आली ती जवळजवळ बुडबुड्यांविनाच. बाटली उघडून बराच काळ लोटला असावा, असे भाचा म्हणाला. पण पाहुणे असताना वाद नको म्हणून मी गप्प राहिलो. ‘गावी’बद्दल तक्रार नव्हती. खरा प्रकार तिसऱ्या ग्लासच्या वेळी उघड झाला.

वेटरने चारही ग्लास आतूनच भरून आणले. भाच्याने आपला ग्लास पांढऱ्या मेन्यूकार्डावर तिरपा धरला आणि मला म्हणाला, “मामा, यातून खालची अक्षरे दिसतात का पाहा.” अक्षरे दिसत नव्हती. वाइन जांभळट, शाईसारखी गडद होती. बारोलोचा रंग फिका, माणकासारखा असतो, त्यातून पलीकडचे दिसते आणि वय वाढेल तशी कडेला विटकरी छटा येते. नियमाप्रमाणे ही वाइन किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. आमच्या ग्लासातल्या वाइनला शिजवलेल्या जांभळासारखा गोडसर वास होता आणि हिरड्या आवळून धरणारा तो तुरटपणा नावालाही नव्हता.

आम्ही बाटली पाहायला मागितली. बऱ्याच वेळाने मॅनेजर स्वतः बाटली घेऊन आले आणि म्हणाले, “सर, यही बोतल है, अभी आपके लिए खोली थी.” लेबल बारोलोचेच होते. पण बाटली खांद्यापर्यंत भरलेली होती! ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाचच ग्लास निघतात. आमचे चार ग्लास तिच्यातून भरले असते, तर तिच्यात जेमतेम एक ग्लास उरायला हवा होता. हे दाखवून दिल्यावर ही दुसरी बाटली असल्याचे सांगण्यात आले. मात्र तिचे बूच मागितले तेव्हा ते कोणालाच सापडले नाही.

मग भाच्याने बारमधून पेग मोजण्याचे स्टीलचे माप मागवले. ग्लासात वाइन कुठवर होती तिथे त्याने नखाने खूण धरली, वाइन दुसऱ्या ग्लासात ओतली आणि त्या खुणेपर्यंत पाणी भरून ते मापाने मोजले. ६० मिलिलिटरचे एक माप भरले, ३० चे एक भरले आणि ग्लास रिकामा झाला. म्हणजे १५० ऐवजी ९०. मोठ्या पोटाच्या ग्लासात हा फरक डोळ्यांना कळत नाही. आमच्या चौघांचे मिळून २४० मिलिलिटर त्या एकाच फेरीत कमी पडले होते.

बिलातही घोळ होता. मानवी सेवनासाठीचे मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. तरीही वाइनच्या १९,२०० रुपयांवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ९६० रुपये, लावले होते. शिवाय न विचारता सेवाशुल्क जोडले होते. असे शुल्क आपोआप बिलात घालू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच दिली आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. हे सांगताच दोन्ही रकमा निमूटपणे काढण्यात आल्या. बारोलोबद्दल मात्र चारांतला एक ग्लास म्हणून माणशी १,२०० रुपयेच वजा केले, जणू चारही वाइनची किंमत सारखीच होती. बारोलो त्या चारांमध्ये सर्वांत महाग, आणि माणशी ४,८०० रुपये द्यायला आम्ही तयार झालो ते तिच्याच नावावर.

ग्लासने वाइन घेताना आपल्याला बाटलीही दिसत नाही आणि मापही. म्हणून मागणी देण्यापूर्वी उत्पादक आणि वर्ष विचारावे, बाटली टेबलाशी आणून समोरच ओतायला सांगावे, आणि चौघेजण एकच वाइन घेणार असतील तर अख्खी बाटली मागवून ती डोळ्यांदेखत उघडून घ्यावी. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचे नाव आणि पत्ता असतो, तोही वाचावा. हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मेन्यूचे, पहिल्या बिलाचे आणि त्या खांद्यापर्यंत भरलेल्या बाटलीचे छायाचित्र माझ्याकडे आहे. पत्नीने ते तिथेच, मॅनेजर बाटली परत नेत असताना, काढून ठेवले होते.