ऑफलाइन नकाशाचं अ‍ॅप: नऊ महिने, चार घाट आणि बारमाही भरलेला शिवसागर

गुहागरात राहणाऱ्याला सुट्टीत समुद्र नको असतो. पाहुणे समुद्र बघायला येतात आणि आम्ही संधी मिळाली की घाटावर पळतो. गेल्या श्रावणात घरात ठरलं की या वर्षी सह्याद्रीतली तळी आणि जंगलं आपल्या गाडीने, तुकड्यातुकड्याने करायची. यादी करायला डोकं चालवावं लागलं नाही. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात घेतला, तेव्हा आपल्याकडची चार ठिकाणं त्यात आली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासला फुलांच्या दिवसांतली गर्दी बघून फुली मारली. त्याऐवजी खेडच्या वरचं कांदाटी खोरं घेतलं.

यातल्या एकाही ठिकाणी मोबाईलला रेंज मिळेल याची खात्री नाही. म्हणून फोनमध्ये ऑफलाइन नकाशाचं अ‍ॅप टाकलं. नाव लिहीत नाही, कारण ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी अशी बरीच अ‍ॅपं आहेत आणि खालचं बहुतेक सगळं थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांनाच लागू पडेल. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेला, कुणीही भर घालावी असा जगाचा नकाशा. यातला ‘कुणीही’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी एक गैरसमज, कारण आमच्या घरातही तो होता. रेंज गेली की जीपीएस जात नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, त्याला टॉवरची गरज नसते. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती झटकन मिळते आणि ठिपका लगेच उमटतो, एवढाच फरक. नेट नसताना ती माहिती उपग्रहाकडूनच हळूहळू उतरवून घ्यावी लागते, त्याला अर्धं मिनिट तरी लागतं, आणि एका बाजूला कातळाची भिंत असली तर आणखी जास्त. त्यामुळे अ‍ॅप घराच्या अंगणातच चालू करून निघायचं. पहिल्या वेळी मी कुंभार्ली घाटाच्या मध्यावर फोन बंद करून चालू केला आणि पुढची चार वळणं आमचा निळा ठिपका दरीत तरंगत होता.

अ‍ॅपची सगळ्यात आवडलेली गोष्ट प्रवासातली नाही, घरी बसून बघायची आहे. उंचीच्या रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या; जितक्या दाट तितका चढ उभा. पावसाळ्यात संध्याकाळी ओटीवर बसून त्या बघण्यात माझे किती तास गेले ते बायकोला विचारा. गुहागर ते चिपळूण या रेषा विरळ, सुस्त. शिरगाव-पोफळीपाशी त्या एकदम इतक्या दाट होतात की नकाशा तपकिरी दिसायला लागतो, आणि त्या तपकिरी पट्ट्याच्या लगेच मागे शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं तळं. पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटर. चिपळूणपासून सरळ रेषेत मोजलं तर कोयनानगर तीस किलोमीटरच्या आतच आहे.

आणि तिथे मला लहानपणापासून ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी कळली. कोयना पूर्वेकडे, कृष्णेकडे वाहते. पण वीज करण्यासाठी तिचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला सोडतात. तिथून ते कोळकेवाडी आणि मग वाशिष्ठीत येतं. म्हणजे चिपळूणच्या पुलाखालून उन्हाळ्यातही जे पाणी जातं, ते डोंगरापलीकडच्या तळ्याचं. तळ्याच्या तळाला आतून भोक पाडायचं ते ‘लेक टॅपिंग’ दोनदा झालं, १९९९ आणि २०१२ मध्ये. हे सगळं पाठ्यपुस्तकासारखं माहीत होतं, पण रेषा बघितल्यावर ते पाणी इकडे का पडतं ते उलगडून सांगावं लागत नाही. हे जमवणाऱ्या अ‍ॅपला मी पुढचे सगळे दोष निम्मे माफ करतो. निम्मेच.

आता वेळेबद्दल. इथे अ‍ॅप साफ गंडतं. रस्त्याचा वर्ग बघून ते वेग धरतं. गुहागर-विजापूर हमरस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणून कुंभार्लीच्या नागमोडीतसुद्धा आपण पळतोय असं ते गृहीत धरतं. पुढे रेती भरलेला डंपर पहिल्या गिअरमध्ये चढतोय आणि मागे आपण वीसच्या वेगाने, हे त्याच्या हिशोबात नाही. दिवाळीनंतर आम्ही चांदोलीला निघालो: गुहागर, चिपळूण, कोयनानगर, कराड, शेडगेवाडी, वारणावती. सगळे मिळून दोनशेच्या आसपास किलोमीटर. अ‍ॅप म्हणालं साडेचार तास. कोयनानगरला चहा आणि धरण बघण्यात गेलेला पाऊण तास वजा करूनही आम्हाला सहा लागले.

ते दीड तास महागात पडले. चांदोली हे २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तीनशे चौरस किलोमीटरपेक्षा थोडं मोठं. वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर त्याला लागून. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा ठिकाणी परवानगी काढून, ठरलेल्या वेळेतच आत सोडतात. आम्ही पोचलो तेव्हा आत सोडायची वेळ उलटून गेली होती. अ‍ॅपवर उद्यानाची हद्द छान हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली, आतला झोळंबीच्या सड्याकडे (कातळाच्या पठाराकडे) जाणारा रस्ताही दाखवलेला, पण फाटक कधी उघडतं आणि कधी बंद होतं याचं नाव नाही. त्याहून वाईट म्हणजे, घरी बसून मी ‘सर्वात जवळचा रस्ता’ मागितला होता तेव्हा त्याने जंगलातल्या वाटाही जोडून दाखवल्या होत्या. नकाशात वाट आहे म्हणजे तिथून जायची मुभा आहे असं नव्हे. शृंगारपूरवरून प्रचितगडाकडे चढणारी वाटसुद्धा तशीच निरागस ठिपक्यांनी काढलेली आहे, जणू शेजारच्या वाडीत निघालोय.

“अहो, पण हे आधी फोन करून विचारता आलं नसतं का?” असं बायकोने शांतपणे विचारलं. आलं असतं. मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाड्यांत आत गेलो. सड्यावरचं वाळलेलं सोनेरी गवत आणि खाली वसंतसागराचं पाणी बघितल्यावर आदल्या दिवशीची धुसफूस निवळली. परतताना मलकापूर, आंबा घाट, साखरपा, देवरुख असे आलो. आंबा घाटात धुकं होतं, आणि तिथे मात्र अ‍ॅपने पुढच्या वळणाची दिशा आधीच स्क्रीनवर दाखवली हे फार कामाला आलं.

तेव्हापासून माझा स्वतःचा हिशोब असा. महामार्गाचा मोकळा तुकडा असेल तर तासाला पन्नास किलोमीटर, कोकणातला आतला रस्ता पस्तीस, घाट वीस. अ‍ॅपमध्ये वाहनाचा वेग बदलायची सोय आहे, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर लपवलेली आहे आणि घाटासाठी वेगळी ठेवता येत नाही. म्हणून मी अंतर अ‍ॅपचं घेतो आणि वेळ वहीत काढतो.

तरी माझ्यापेक्षा चांगला हिशोब आमच्या शेजाऱ्याचा आहे. दादा मासळीची गाडी चालवतो, आठवड्यातून चार रात्री घाट चढतो. त्याला मी आधी रस्ता विचारला की तो किलोमीटर सांगतच नाही, बर्फात सांगतो. “चिपळूणला बर्फ धरून असतो. घाट चढेपर्यंत पेटीला पाणी सुटतं. कराडात पाचला माल उतरवायचा तर इथनं बारानंतर निघून चालत नाही.” मग रस्त्याचा अहवाल: कुठे खडी टाकली आहे, कुठे साइडपट्टी खचली आहे, कुठल्या वळणावर रात्री बंद पडलेला ट्रक उभा असतो. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये येणार नाही, आणि आलं तरी चार दिवसांत शिळं होईल. जानेवारीत आम्ही फोंडा घाटाने दाजीपूरला, म्हणजे यादीतल्या राधानगरीच्या जंगलात, गेलो ते त्याच्याच सांगण्यावरून. मी योजलेला घाट कामासाठी बंद होता आणि अ‍ॅप मला बिनदिक्कत तिकडेच नेत होतं.

दाजीपूरबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथे सगळं ठीक झालं. ‘तलाव’ म्हणून शोधलं तर सापडेना, ‘राधानगरी डॅम’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर आलं. लोक त्याला लक्ष्मी तलाव म्हणतात. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, पाणी चढलं की आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांसाठी प्रसिद्ध. आम्ही गेलो तेव्हा अर्थात ते मिटलेले होते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला एक गवा उभा होता. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, बाकी अंग ओल्या कातळासारखं काळं. मी गाडी बंद केली. तेवढ्यात अ‍ॅपमधली बाई तिच्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाली, “दोनशे मीटर नंतर, सरळ चला.” गव्याने मान वळवली. त्यानंतर आवाज कायमचा बंद.

तक्रारींमध्ये मराठी नावांचा शोध हा मोठा भाग. काही गावं देवनागरीत सापडतात, काही फक्त रोमनमध्ये, तीही टाकणाऱ्याच्या मनाला येईल त्या स्पेलिंगने. उपाय एकच. निघण्याआधी घरीच सगळ्या जागी खुणा करून त्यांना आपली नावं द्यायची. माझ्या खुणांची नावं ‘वडापाव बरा’, ‘इथे डिझेल भर’, ‘बायकोला उलटी’ अशी आहेत.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात फोन काचेपाशी लावला, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू, वर चार्जर. खेड सोडून अर्धा तास झाला नाही तोच फोन तापून स्वतःहून बंद पडला. आता धारक एसीच्या झोताच्या तोंडावर अडकवतो आणि घाटात दहा मिनिटांतून एकदाच स्क्रीन बघतो. ज्यांच्या गाडीचा एसी माझ्यासारखा चढावर बंद करावा लागतो त्यांनी कागदावर वळणं लिहून घ्यावीत. हे मी गमतीने म्हणत नाही.

मेची ती सहल खोपीवरून रघुवीर घाट चढून कांदाटी खोऱ्यात जायची होती. शिवसागराचं मागचं पाणी या बाजूने बघायचं, काठावर डबा खायचा, एवढाच बेत. अ‍ॅपवर निळा रंग रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत आलेला. मुलाने पोहण्याचे कपडे घेतलेले. नकाशाप्रमाणे ‘काठावर’ पोचलो तर समोर तांबडी, भेगाळलेली माती, त्यात म्हशींच्या खुरांचे वाळलेले ठसे, आणि खूप खाली, वाळत घातलेल्या धोतरासारखी पाण्याची पट्टी. ठिपका मात्र नकाशात तळ्याच्या आत होता. म्हणजे अ‍ॅपच्या मते आम्ही बुडालेलो होतो.

अ‍ॅपची चूक म्हणावी तर तशी नाही. नकाशात तळ्याची एकच कड असते, पूर्ण भरलेल्या पाण्याची. शंभर टीएमसीच्या वर पाणी साठवणारं हे धरण ऑक्टोबरात भरलेलं असतं आणि मेपर्यंत वीज आणि शेतीसाठी उपसून बरंच खाली जातं. आपल्याकडची डोंगरातली बहुतेक मोठी तळी अशी माणसाने अडवलेली, वर्षाकाठी भरणारी आणि उतरणारी. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा बारा महिने काठोकाठ असणारी परदेशातली सरोवरं असावीत. आपल्याला तळं बघायचं असेल तर आधी धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी बघायची. पेपरात रोज येते, फुकट. मुलाने शेवटी पोहण्याचे कपडे घालून म्हशींच्या डबक्यात पाय बुडवले, तेही एका आजोबांनी “पोरा, जळवा आहेत रे” म्हणेपर्यंतच.

आता ‘कुणीही’बद्दल. घरी येऊन मी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढलं. आमच्या रस्त्यावरचा बंद झालेला एक पेट्रोल पंप काढून टाकला. दाजीपूरच्या तळ्याला देवनागरी नाव घातलं. पंपाची दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या नकाशात आली, आणि खरं सांगतो, आपण खोडलेली खूण फोनमधून गेलेली बघताना मला दहावीच्या निकालासारखं वाटलं. शिवसागराच्या त्या कडेवर मात्र नुसती टीप लिहून ठेवली आहे, कारण उन्हाळ्यातली रेषा कुठे काढायची ते मलाच ठरवता येईना. दर मेमध्ये ती वेगळी असणार.

घ्यावं का? तुम्ही मुंबई-गोवा महामार्ग सोडून कुठे जात नसाल तर गरज नाही, नेहमीचं नेटवरचं अ‍ॅप पुरे, त्यात वाहतूक कोंडीही दिसते जी इथे दिसत नाही. घाट चढून जंगलात जाणार असाल तर घ्या. पैसे भरायची घाई करू नका. मी उंचीच्या रेषांसाठी वर्षाची वर्गणी भरली, पण पहिले दोन महिने फुकटच्या आवृत्तीवरच काढले होते आणि त्यात काही अडलं नाही. नकाशाची फाईल घरच्या वायफायवर उतरवा, चिपळूणच्या स्टँडवर उभं राहून नव्हे.

सध्या आभाळ भरून आलंय. रघुवीर घाटात पावसात दरडी येतात म्हणून त्या खुणेचा रंग लाल करून टाकला आहे आणि चांदोलीच्या खुणेखाली या वेळी वनखात्याच्या कार्यालयाचा फोन नंबर लिहून ठेवला आहे. दादाच्या गाडीचे दोन टायर बदलायचे आहेत. त्याची गाडी पुन्हा घाट चढायला लागली की मग बघू.