एल-१०४ सांगून साधे सकर गळ्यात मारले, ६,२५० रुपये गेले

लाकूड खाणारा, काचेला चिकटणारा क्लाउन प्लेको (पॅनाक्वोलस मॅकस, म्हणजेच एल-१०४) घरच्या टाकीसाठी मागवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मूळ व्हेनेझुएला-कोलंबियातला हा मासा जेमतेम चार इंच होतो, म्हणून लहान टाकीवाले आम्ही त्याच्यावर टपलेले असतो. व्हिडिओ दाखवून मासे विकणाऱ्यांनी तेच हेरलंय.

चार मासे, प्रत्येकी १,४००. पॅकिंग आणि बस पार्सल ६५०. सगळे आगाऊ, यूपीआयने. व्हिडिओत पिवळे पट्टे ठसठशीत. पिशवीतून निघाले करडे, ठिपक्यांचे. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "सर, प्रवासाचा स्ट्रेस आहे, पट्टे फिके पडतात. आठवडाभर थांबा." हे खोटं नाही हो! घाबरलेला प्लेको खरंच फिका पडतो. माहीतगार माणूसही गप्पच बसला असता. तोवर त्याने तक्रारीसाठी दिलेली चोवीस तासांची मुदत उलटली.

पण तो पाठीवरचा पर! पहिल्याच रात्री एकाने काचेला तोंड लावून शिडासारखा उभारला होता, माझ्या नाकासमोर. क्लाउनच्या परात पुढच्या काट्यामागे सात किरणं (पराला ताणून धरणाऱ्या काड्या) असतात. टॉर्च मारून मोजायला किती वेळ लागला असता? नंतर मोजली, बारा भरली. म्हणजे पन्नास रुपयांचा साधा सकर, जो फूट-दीड फूट वाढतो. शिवाय क्लाउन असला की तळाशी लाकडाचा भुसा साचतो. माझ्या टाकीतलं लाकूड जसंच्या तसं.

एल नंबर म्हणजे हमी नव्हे. एका जर्मन मासिकाने १९८८ पासून अशा माशांना ओळखीसाठी दिलेले आकडे ते, कुणीही चिकटवतं. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकीला लावून काढलेला व्हिडिओ मागा. टाळाटाळ केली की फोन ठेवा.

चौकीत पोलिसांनी विचारलं, "मासे मिळाले ना? जिवंत आहेत ना? मग फसवणूक कसली?" मासा लाकूड खातो यावर दोघं खो-खो हसले. सायबरकडे पाठवलं. ते म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत, ग्राहक मंचात जा. मंचाला विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता बँकेकडे. बँकेला पोलिसांचं पत्र हवं. पोलीस म्हणतात, गुन्हाच नाही तर पत्र कशाचं देऊ! आणि वर आपणच ऐकून घ्यायचं, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला?"

सकर दुकानदार फुकटसुद्धा घेत नाहीत. नदीत सोडा म्हणणाऱ्यांना हात जोडतो. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत येणारे उपद्रवी सकर याच जातकुळीतले. आता मोठी टाकी घ्यावी लागतेय, तिचे ७,८०० वेगळे.