विशेष मुलांच्या वर्गासाठी ‘फॉल’ अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स : घ्यावा का?

नागपुरात विशेष मुलांचा वर्ग घेते. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी अशी सगळी मुलं एकत्र आहेत. हा ‘फॉल’चा, म्हणजे पाश्चात्त्य पानगळीच्या ऋतूवरचा बॉक्स ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या धाटणीचे बॉक्स बरेच मिळतात आणि आत साधारण हेच असतं : चार रंगांतली फेल्टची मेपलची पानं, लाकडी एकॉर्न (ओक झाडाचं टोपीवालं फळ), मोठे चिमटे, भोपळ्याच्या चेहऱ्यांची कार्डं, झाडाच्या चार अवस्थांची क्रमाची कार्डं आणि वेल्क्रोची ‘आधी–मग’ पट्टी.

पट्टी उत्तम आहे. ‘आधी पानं उचल, मग झोका’ हे चित्रात समोर दिसलं की आमच्या बऱ्याच मुलांचा जीव शांत होतो. चिमटेही चांगले, स्प्रिंग मऊ आहे. ज्या हातात ताकद कमी, त्यालाही ते दाबता येतात, आणि पुढे पेन्सिल धरायला लागणारी बोटं यातूनच तयार होतात.

अडचण विषयाची आहे. कॅनडा-अमेरिकेत दिवस लहान व्हायला लागला की पानांतलं हरितद्रव्य ओसरतं, खालचा पिवळा-केशरी रंग वर येतो आणि पानं गळतात. आपल्याकडे ऑक्टोबरात पावसानं धुतलेली झाडं हिरवीगार असतात, आणि वर ऑक्टोबर हीट. आमची मुलं समोर दिसतं, हाताला लागतं, नाकाला कळतं त्यावरून शिकतात. खिडकीबाहेर कडुनिंब हिरवा आणि टेबलावर लाल मेपल, हे कसं जोडायचं त्या लेकरांनी? आणि एकॉर्न तर इथे कुणाच्या अंगणात पडत नाही.

म्हणून साधनं बॉक्समधली ठेवली आणि माल आपल्या आश्विनातला घेतला. हिरव्यापासून केशरीपर्यंत रंग क्रमानं लावायचं कार्डही बॉक्समध्ये होतं, त्यावर पानांऐवजी संत्री मांडली. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) संत्री ऑक्टोबरात बाजारात यायला लागतात. सुरुवातीची हिरवट, मग पिवळसर, मग केशरी. कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या एका पिशवीत सगळ्या छटा मिळतात. आणि नागपुरी संत्र्याची साल सैल, ही तर आमच्यासाठी देणगीच! दोन्ही हात एकत्र चालवायचा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. साल बहुतेक मीच काढते, शेवटचा तुकडा तेवढा मुलाला ठेवते. तो जमला की पुढच्या वेळी दोन तुकडे. दर वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्याच वाट्याला येतो. ओल्या वस्तूला हातही न लावणारा आमचा एक मुलगा आधी नुसतं संत्रं घरंगळवायचा. नंतर एका बोटानं सालीची कड उचलू लागला, बोट पुसायला रुमाल मांडीवर ठेवून. मी त्याला घाई केली नाही. बोटाला चीर असेल तर मात्र रस झोंबतो, आधी हात बघून घ्या.

बर्डीच्या फुलबाजारातला झेंडू पाकळ्या खुडायला आणि बुटाच्या नाडीत ओवायला छान. वास उग्र असतो, त्यामुळे वासाचा त्रास होणाऱ्या मुलाला खिडकीजवळ बसवा. आपट्याचं पान मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू जुळतात. कागदाखाली ठेवून वरून खडू फिरवला की शिराही उमटतात. ‘सोनं घ्या’ म्हणता न येणारं मूल पान आणि चित्रकार्ड एकत्र हातात देतं. माझ्या लेखी तेही पूर्ण संभाषण आहे. पानं मूठभर पुरतात, फांद्या ओरबाडू नका.

दसऱ्याला आमच्यातली काही मुलं घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर जातात. १९५६ च्या धम्मदीक्षेचं ते ठिकाण, त्या दिवसांत लाखोंची गर्दी. भोपळ्याच्या कार्डांमागच्या कोऱ्या बाजूवर मी पांढरा घुमट, रांग, पाण्याची बाटली, आईचा हात अशी चित्रं चिकटवली. आधीच्या आठवड्यात रोज ती क्रमानं दाखवली की गर्दी अचानक अंगावर येत नाही. कस्तुरचंद पार्कातल्या रावणदहनाला जाणाऱ्यांसाठी फटाके आणि कानावर हात, अशी आणखी दोन चित्रं केली.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगते : एकॉर्नची टोपी निघते आणि घशात अडकेल एवढी लहान आहे. वस्तू तोंडात घालणारं एकही मूल वर्गात असेल तर एकॉर्न सरळ कपाटात ठेवा. कार्डांचं लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली चमकतं, त्यानं काही मुलं कार्डाकडे पाहायचंच टाळतात. वरची अक्षरं फक्त इंग्रजी आहेत, मी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या.

चिमटे आणि वेल्क्रोपट्टी सुटी मिळत असतील तर तेवढंच घ्या, पूर्ण बॉक्सचे पैसे घालवू नका. बॉक्स आधीच घेतला असेल तर झाडाची चार कार्डं जपून ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. तेव्हा सागाची मोठाली पानं खाली पडलेली असतात. मुलांना पायांनी ती चुरडू द्या आणि मग पानगळीचं कार्ड हातात द्या.