एकच सुटा अंक वाचायचा असेल, तर कोणता?

सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये नव्याने शिरणाऱ्याला सगळे पहिल्या अंकाकडे बोट दाखवतात. हा सल्ला बहुतेक वेळा फसतो. पहिल्या अंकाला पात्रांची ओळख करून द्यायची असते आणि दुसरा अंक विकायचाही असतो, त्यामुळे गोष्ट ऐन रंगात आली की ‘पुढील अंकी’ येतं. एका बैठकीत सुरू होऊन संपणारं काही हवं असेल, तर चालू मालिकेच्या मधलाच, पण स्वतःच्या पायावर उभा असलेला अंक शोधावा लागतो. असे अंक कमी आहेत, पण आहेत.

इथे पाच अंक शेजारी शेजारी ठेवले आहेत. कसोट्या दोनच: बाहेरची किती माहिती लागते, आणि वीस-बावीस पानांत गोष्ट खरोखर पूर्ण होते का. चित्रं सुंदर आहेत की नाहीत, हे त्यानंतरचं.

जी. आय. जो, अंक २१ (मार्च १९८४)

लेखक आणि रेखाटनकार लॅरी हामा, रेखाटनं पूर्ण केली स्टीव्ह लायलोहा यांनी. संपूर्ण अंकात एकही संवाद नाही, निवेदन नाही, ‘धडाम’सुद्धा नाही. जी. आय. जो या सैनिकी पथकातली स्कार्लेट शत्रूच्या किल्ल्यात कैद आहे आणि तिचा साथीदार स्नेक आइज तिला सोडवायला निघाला आहे, एवढं माहीत असलं की पुरे. तेही माहीत नसलं तरी तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत कळतंच.

हा प्रयोग इथेच का साधला, हे पाहण्यासारखं आहे. स्नेक आइज मुळातच बोलत नाही आणि त्याचा चेहरा झाकलेला असतो. म्हणजे शब्द काढून घेतल्याने या पात्राचं काहीच अडत नाही. उलट बाकीचे सगळे त्याच्या पातळीवर येतात. काळ्या आणि पांढऱ्या पोशाखांमुळे तो आणि शत्रूकडचा त्याचा प्रतिस्पर्धी लहानात लहान चौकटीतही ओळखू येतात.

अडचण एकच. वाचणारा पानं भराभर उलटतो आणि पाच मिनिटांत ‘झालं?’ म्हणतो. शब्द वाचताना नजर आपोआप थांबते, इथे ती मुद्दाम थांबवावी लागते. प्रत्येक चौकटीत आधी पात्र कुणीकडे पाहतंय ते बघा आणि मग पुढच्या चौकटीकडे जा. शेवटच्या पानावर हातांकडे लक्ष ठेवा; मालिकेची पुढची कित्येक वर्षं त्या एका तपशिलावर चालली. आणि स्कार्लेटला ‘सुटका होणारी बाई’ समजू नका, ती वाट पाहत बसत नाही.

खेळण्यांच्या जाहिरातीसाठी निघालेल्या मालिकेत हा अंक आला, याचं अजूनही नवल वाटतं.

सागा ऑफ द स्वॉम्प थिंग, अंक २१ (फेब्रुवारी १९८४)

ॲलन मूर यांचं लेखन, स्टीव्ह बिसेट आणि जॉन टोटलबेन यांची चित्रं, टाट्याना वुड यांचे रंग. मूर यांनी मालिका हातात घेतली २०व्या अंकापासून. त्यात त्यांनी आधीच्या लेखकाचे धागे गुंडाळले आणि २१व्यात मूळ कल्पनाच उलटी केली. ॲलेक हॉलंड नावाच्या शास्त्रज्ञाचा स्फोटानंतर दलदलीत पडून वनस्पती-राक्षस झाला, असं तोवर सगळे मानत होते. या अंकात जेसन वुडरू नावाचा दुसरा शास्त्रज्ञ त्या राक्षसाच्या गोठवलेल्या देहाचं विच्छेदन करतो आणि त्याला एकेक विसंगती सापडत जाते. फुप्फुसासारखं काहीतरी आहे, पण त्याने श्वास घेता येणार नाही. हे अवयव मग आहेत कशासाठी? उत्तर इथे सांगत नाही.

बाहेरची माहिती जवळजवळ शून्य लागते, कारण वुडरूलाच सगळं नव्याने समजून घ्यायचं असतं आणि त्याच्याबरोबर वाचणाऱ्यालाही. नव्या वाचकाला ओळख करून देण्याचा हा मार्ग फार हुशारीचा आहे: माहिती पाठ म्हणून येत नाही, तपासाचा भाग म्हणून येते. कथेतला खुलासा चपट्या कृमींवरच्या एका प्रयोगावर टेकलेला आहे. शिकवलेल्या कृमींचे तुकडे खाल्लेल्या कृमींना ते ‘शिक्षण’ मिळतं, असा १९६०च्या दशकात गाजलेला दावा होता. पुढे इतरांना तो खात्रीने पुन्हा दाखवता आला नाही. गोष्टीला त्याने बाधा येत नाही. विज्ञान म्हणून मात्र ते डोक्यात ठेवू नका.

मजकूर दाट आहे. निवेदनाच्या चौकटी भराभरा ओलांडून फक्त चित्रं पाहणाऱ्याच्या हाती निम्मा अंकही लागत नाही, कारण वुडरू घरी बसून कल्पना करतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे काय घडतंय, हा सांधा शब्दांत आहे. पाऊण तास ठेवा. भयकथा आवडत नसतील तर हा अंक सरळ सोडा, कारण त्यात विच्छेदन खरोखर दाखवलेलं आहे.

संग्रह घेताना एक पाहून घ्या. १९८७च्या पहिल्या संग्रहाची सुरुवात २१व्या अंकापासून होते. पुढच्या आवृत्त्यांत २०वा अंकही घेतला आहे. तो आधी आला म्हणून आधी वाचण्याची गरज नाही. नवख्याला त्यात फक्त अनोळखी माणसं भेटतील.

फँटॅस्टिक फोर, अंक ५१ (जून १९६६)

स्टॅन ली, जॅक कर्बी आणि त्यांच्या पेन्सिल-रेखाटनांवर शाई भरणारे जो सिनॉट. वीस पानं. एक शास्त्रज्ञ चार सुपरहिरोंच्या या चमूतल्या बेन ग्रिमचं दगडी रूप आणि ताकद चोरतो, त्याच्या जागी चौघांत शिरतो आणि चमूचा प्रमुख रीड रिचर्ड्स याचा काटा काढायची संधी शोधतो. या शास्त्रज्ञाला अंकभर नाव नाही. आधीचे तीन अंक (४८ ते ५०) ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसच्या विश्वसंहारी प्रकरणाचे. त्यानंतर लगेच एका माणसाच्या मत्सराची गोष्ट सांगण्यात धाडस होतं.

पहिलंच पान पाहा. पावसात उभा असलेला बेन, संपूर्ण पानभर. मारामारी नाही, खलनायक नाही. पुढे कर्बींनी छायाचित्रांचे तुकडे चिकटवून परक्या अवकाशाचं दृश्य केलं आहे. ते त्या काळच्या रद्दीसारख्या कागदावर बरंच काळपट छापलं गेलं. चांगल्या पुनर्मुद्रणात ते उजळ दिसतं.

तक्रार आहे ती भाषेबद्दल. १९६०च्या दशकातली पात्रं आपण काय करतोय हे करता करता बोलूनही दाखवतात, आणि चौघांतल्या स्यूच्या वाट्याला काळजी करण्यापलीकडे फारसं काही येत नाही. शिवाय चौथ्या, म्हणजे जॉनीच्या कॉलेजचा एक उपकथेचा तुकडा मध्येच येतो, ज्याचा या गोष्टीशी संबंध नाही; तो चाळून पुढे गेलं तरी चालतं. एवढं सोसायची तयारी असेल, तर शेवटची चार पानं पाचही अंकांत सगळ्यात जास्त हलवतात.

ॲनिमल मॅन, अंक ५ (डिसेंबर १९८८)

ग्रँट मॉरिसन, चॅस ट्रूओग, शाई डग हेझलवुड. पडद्यावरच्या व्यंगचित्रात पुन्हा पुन्हा चिरडला जाणारा आणि लगेच उठून बसणारा प्राणी खऱ्या जगात आला, तर त्याला दर वेळी किती दुखेल? अंक या प्रश्नावर उभा आहे. नायक बडी बेकर मोजक्याच पानांवर आहे, तोही घरात मांसाहारावरून बायकोशी वाद घालत. त्याची पार्श्वभूमी माहीत नसली तरी काही अडत नाही.

ट्रूओग यांची चित्रं साधी, थोडी ताठर आहेत आणि अनेकांना हे उणं वाटतं. इथे ती पथ्यावरच पडली आहेत: जग जितकं सपक, तितका त्यातला तो कार्टून प्राणी विचित्र दिसतो. शेवटच्या पानावर रंगाकडे बघा. पण या अंकाची खरी शिक्षा वेगळी आहे. तो संपतो आणि तरीही एक दार उघडं ठेवतो. ते दार २६व्या अंकापर्यंत बंद होत नाही. ‘एकच वाचायचा’ हा निश्चय मोडण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

हॉकआय, अंक ११ (२०१३)

मॅट फ्रॅक्शन, डेव्हिड आहा, रंग मॅट हॉलिंग्सवर्थ, अक्षरलेखन ख्रिस एलिओपुलोस. २०१४ साली सर्वोत्तम सुट्या अंकाचा आयस्नर पुरस्कार, हा कॉमिकसाठीचा मानाचा पुरस्कार. गोष्ट नायक हॉकआयच्या लकी नावाच्या कुत्र्याच्या नजरेतून, किंवा नेमकं सांगायचं तर नाकातून. माणूस दिसला की त्याच्याभोवती चिन्हांचं कोंडाळं येतं: वास, अन्न, ओळख, धोका. माणसांच्या संवादातले कुत्र्याला कळणारे मोजके शब्दच वाचता येतात, बाकी संवादाच्या फुग्यांत नुसत्या रेघोट्या.

कारागिरीत याला तोड नाही. तरीही पहिला अंक म्हणून हा हातात देणं चूक आहे, आणि सगळ्यात जास्त शिफारस याचीच होते. लकी ज्या खुनाचा माग काढतो तो आधीच्या दोन अंकांत घडलेला आहे. मेलेला माणूस कोण आणि मारणारा कोण हे आपल्याला माहीत असतं, कुत्र्याला नसतं. अंकाची सगळी ताकद या फरकात आहे. नवख्या वाचकाला कुत्र्याइतकंच कमी माहीत असतं, मग तो फरकच उरत नाही. त्याला फक्त चिन्हांची गंमत दिसते. ९ आणि १० आधी वाचा. मालिकेचा दुसरा संग्रह घेतला तर ६ ते ११ एकत्र मिळतात आणि प्रश्नच मिटतो.

मग निवड कशी करायची

आधी काहीच वाचलेलं नाही आणि गद्य आवडतं: स्वॉम्प थिंग. मजकुराचा कंटाळा येतो, किंवा इंग्रजी वाचायला जड जातं: जी. आय. जो, दोनदा. जुन्या बोलघेवड्या शैलीची सवय असेल तर फँटॅस्टिक फोर. ॲनिमल मॅन त्याला द्या ज्याला ‘सुपरहिरो म्हणजे पोरखेळ’ वाटतो. हॉकआय शेवटी.

वेळ फक्त दहा मिनिटं असेल तर या पाचांबाहेरचा एक तुकडा: द अमेझिंग स्पायडर-मॅन, अंक २४८ (जानेवारी १९८४). रॉजर स्टर्न आणि रॉन फ्रेन्झ यांची अकरा पानांची गोष्ट, स्पायडर-मॅनची कात्रणं जमवणाऱ्या मुलाची. लक्षात घ्या, ती अंकातली *दुसरी* गोष्ट आहे. पहिली मागच्या अंकावरून चालू राहिलेली मारामारी; ती वाचून ‘यात काय एवढं?’ म्हणत अंक ठेवून देऊ नका. आणि हिच्याबद्दल आधी काहीही शोधू नका, बहुतेक ठिकाणी पहिल्याच ओळीत शेवट सांगून टाकलेला असतो. (मुखपृष्ठांवरच्या तारखा पाहिल्या का? जानेवारी, फेब्रुवारी, मार्च १९८४. लागोपाठ तीन महिन्यांत तीन असे अंक.)

जास्त वेळ असेल तर १९८५चा सुपरमॅन वार्षिक अंक ११, चाळीस पानांचा. सुपरमॅनचा जन्मग्रह क्रिप्टॉन नष्ट झाला एवढं माहीत असलं की पुरतं.

आणि वॉचमेनचा पाचवा अंक मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याची रचना आरशासारखी आहे: पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, आणि मध्यावर १४-१५ची जोडपानं. अफाट काम. पण बारातला पाचवा अंक एकटा वाचणं म्हणजे मध्यंतरानंतर नाट्यगृहात शिरणं.

शोधताना आणि घेताना

नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. मालिका बंद होऊन पुन्हा १ पासून सुरू होतात. स्वॉम्प थिंगचे ‘अंक २१’ किमान तीन आहेत: १९७२ला सुरू झालेल्या मालिकेतला, १९८२च्या मालिकेतला (हवा तो हाच) आणि २०११च्या मालिकेतला. ॲनिमल मॅनचा पाचवा अंकही २०११च्या मालिकेत आहे, आणि फँटॅस्टिक फोरचा ५१वा १९९८ला सुरू झालेल्या मालिकेत. म्हणून नाव, क्रमांक, वर्ष आणि लेखक, चारही जुळवा. मुखपृष्ठावरची तारीख प्रत्यक्ष विक्रीच्या दोन-तीन महिने पुढची असते. हॉकआयचा हा अंक जून २०१३मध्ये आला, छापील महिना ऑगस्ट. वर्षाच्या सीमेवर त्यामुळे घोळ होतो.

जुना मूळ अंक वाचण्यासाठी घ्यायचा तर कोपरे झिजलेला, डाग पडलेला चालतो, पण पानं मोजा. हे अंक मधोमध पिन मारलेले असतात, म्हणून एक ताव निसटला की चार पानं जातात: दोन पुढच्या अर्ध्यातली, दोन मागच्या. जाहिरातीतलं कूपन कापलेलं असेल तर त्याच्या पाठीमागची चौकटही गेली असते. दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या कवचात सीलबंद केलेली प्रत वाचता येत नाही, कवच फोडलं की दर्जाचं प्रमाणपत्र गेलं.

पुनर्मुद्रणात रंग तपासा. पूर्वी तीन शाईंच्या ठरावीक टक्क्यांतून जेमतेम ६४ छटा निघत आणि खरबरीत कागद त्यांना मऊ करी. तेच रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर जसेच्या तसे छापले की भडक दिसतात. फँटॅस्टिक फोरला हे सर्वांत जास्त भोवतं. स्वॉम्प थिंगलाही, कारण त्यातल्या सावल्या टोटलबेन यांच्या बारीक रेघांत आहेत आणि भडक रंग त्या गिळून टाकतो.

पडद्यावर वाचत असाल तर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय हॉकआयसाठी बंद करा. त्याचं पान नकाशासारखं आहे. चौकट सुटी केली की बाण कुठून कुठे जातो तेच कळत नाही. मूळ पान साधारण साडेसहा इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच असतं, तेव्हा दहा इंची टॅबलेट उभा धरला की थोडंच लहान दिसतं. फोनवर हा अंक वाचूच नका. जी. आय. जो मात्र फोनवरही निभावतो, चौकट-चौकट पाहिला तर कदाचित जास्त चांगला, कारण पानं भराभर उलटायची सोयच राहत नाही.